हिरव्या ज्योतीची साक्ष



चुलीत मिठाचा खडा पडला की ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. ही गोष्ट आपल्या आयाबहिणींना कोणत्याही शास्त्रज्ञाच्या आधीपासून ठाऊक आहे. तो पिवळेपणा मिठातल्या सोडियमचा. चुलीत लाकूड बाभळीचं आहे की आंब्याचं, वर भाजी आहे की आमटी, याच्याशी त्या रंगाला काही कर्तव्य नाही. सोडियम आला की पिवळा, एवढंच त्याला कळतं. जर्मनीत हायडेलबर्ग इथं बुन्सेन आणि किरखॉफ या दोन प्राध्यापकांनी या साध्या गोष्टीचं शास्त्र बनवलं आणि 1860 साली झऱ्याच्या पाण्यात सीझियम नावाचं अगदी नवं मूलद्रव्य नुसत्या ज्योतीतल्या निळ्या रेषांवरून हुडकून काढलं.

आज जो इतिहास मला सांगायचा आहे, त्याचं मूळ या चुलीत आहे. पण तो सांगावासा वाटला त्याचं कारण दुसरं. माझे एक मामेभाऊ द्राक्षबागाईतदार आहेत. काही वर्षांपूर्वी ते एक कागद घेऊन माझ्याकडे आले. तपासणीचा अहवाल होता. त्यांच्या द्राक्षांत एका क्लोरीनयुक्त कीटकनाशकाचा अंश सापडल्याचं त्यात लिहिलं होतं. "अरे, हे औषध मी जन्मात कधी मारलं नाही. तू केमिस्ट्री शिकवतोस ना? मग हे यंत्र खोटं बोलतं का, ते सांग," असं ते म्हणाले. (आपण शेतकरी विषालाही औषधच म्हणतो, हे जाता जाता ध्यानात घ्या.) त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, की नेमका हाच प्रश्न पन्नास-साठ वर्षांपूर्वी जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांपुढे उभा राहिला होता.

त्या यंत्राचं नाव गॅस क्रोमॅटोग्राफ. नाव जड आहे, काम सोपं आहे. यात्रेच्या दिवशी पेठेच्या एका टोकानं शंभर माणसं एकदम आत शिरली अशी कल्पना करा. कुणी दर दुकानापुढे थांबतो, कुणी फक्त मिठाईच्या, कुणी कुठंच थांबत नाही. दुसऱ्या टोकाला ही माणसं एकदम बाहेर पडणार नाहीत. ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे मागेपुढे येतील. यंत्रात पेठेच्या जागी एक लांब बारीक नळी असते, आत तेलासारख्या पदार्थाचा लेप असतो आणि वायूचा झोत पदार्थांच्या वाफा पुढे ढकलत असतो. तेलाशी ज्याची सलगी जास्त तो मागे रेंगाळतो. असं दुधाचं दूध, पाण्याचं पाणी होतं.

या विद्येचा आरंभ त्स्वेत नावाच्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वॉर्सा इथं त्यानं पानांतले रंग खडूच्या भुकटीच्या नळीतून वेगळे केले. पुढे 1941 साली इंग्लंडमध्ये लीड्स इथं, लोकरीच्या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या मार्टिन आणि सिंज यांनी या विद्येला नवं रूप दिलं. त्याच लेखात त्यांनी लिहून ठेवलं होतं, की द्रवाच्या जागी वायूही चालेल. लिहिलं, छापलं, आणि दहा वर्षं कुणी हात लावला नाही! शेवटी मार्टिन यांनीच जेम्स या सहकाऱ्याला बरोबर घेऊन लंडनजवळच्या मिल हिल इथल्या वैद्यकीय संशोधनसंस्थेत ते करून दाखवलं. 1952 साली त्यांचे लेख प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी मार्टिन-सिंज यांना आधीच्या कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालं.

वेगळं तर केलं. पण पेठेच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून कोण बाहेर पडलं हे टिपायचं कुणी? त्यासाठी नळीच्या तोंडाशी एक पहारेकरी लागतो. त्याला शोधक म्हणतात. मार्टिन-जेम्स यांचा पहिला शोधक म्हणजे एक आपोआप चालणारी ब्युरेट होती. आम्ल बाहेर आलं की ती अल्काचे थेंब सोडी आणि किती सोडले याची नोंद होई. म्हणजे पहिलाच पहारेकरी एककल्ली निघाला: आम्ल आणि अल्क यांखेरीज त्याला काही दिसत नसे.

नंतरचे पहारेकरी मात्र सगळ्यांना पाहणारे होते. एक वायूची उष्णता वाहण्याची ताकद मोजी. दुसरा, 1957-58 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत स्वतंत्रपणे तयार झालेला, हायड्रोजनच्या बारीक ज्योतीचा. कार्बन असलेलं काहीही त्या ज्योतीत जळलं की विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहतो. तेलकंपन्यांना तो फार आवडला आणि आजही तो घरोघरी, म्हणजे प्रयोगशाळोप्रयोगशाळी, आहे.

पण शेतमालाच्या बाबतीत इथंच माशी शिंकली. कोबीचं एक पान घ्या. त्यात मेण आहे, तेलं आहेत, रंग आहेत, सुगंध आहेत, आणि सगळ्यांत कार्बन आहे. त्यात विषाचा अंश लाखात एक भागाहूनही कमी. सगळ्यांना पाहणारा पहारेकरी या गर्दीत गोंधळून जातो. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात आपला माणूस हरवला, तर आपण प्रत्येक वारकऱ्याचं तोंड न्याहाळत बसतो का? लाल मुंडासं तेवढं शोधतो. डीडीटीचं लाल मुंडासं म्हणजे क्लोरीन. त्याच्या एका रेणूत क्लोरीनचे पाच अणू असतात. आणि कोबीच्या स्वतःच्या मेणा-तेलांत कार्बनला चिकटलेलं क्लोरीन जवळजवळ नसतंच.

क्लोरीन ओळखायची एक जुनी युक्ती होती. शाळेतल्या शिक्षकांना ती करून दाखवता येईल. तांब्याची तार चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर लाल होईतो तापवा. विजेच्या वायरीवरच्या प्लॅस्टिकचा नखाएवढा तुकडा तिला चिकटवून पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत सुंदर हिरवी होते. साध्या पॉलिथीनच्या पिशवीचा तुकडा घेतलात तर होत नाही, कारण त्यात क्लोरीन नाही. (धूर वाईट असतो, खिडक्या उघड्या ठेवा आणि प्रयोग मुलांच्या हाती देऊ नका.) बाइलस्टाइन या रसायनशास्त्रज्ञाची ही 1872 सालची कसोटी. जुने फ्रिजदुरुस्तीवाले हिरव्या ज्योतीच्याच दिव्यानं गॅसची गळती शोधत. मात्र क्लोरीन आहे एवढंच ती ज्योत सांगते. ते कुणाचं, हे सांगत नाही. ते नळी सांगते. ज्योत आणि नळी यांची गाठ घालायची होती.

ती गाठ जेम्स लव्हलॉक यांनी मारली, पण ज्योतीवाचून. तेही मिल हिललाच होते आणि गोठवलेल्या पेशींवर काम करत होते. पेशींच्या आवरणातली मेदाम्लं मोजून हवी होती, म्हणून ते मार्टिन-जेम्स यांच्याकडे गेले. नमुना इवलासा होता. मोठा नमुना आण, नाहीतर आमच्यापेक्षा तीक्ष्ण शोधक तूच बनव, असा सल्ला मिळाल्याचं लव्हलॉक पुढे सांगत. त्यांनी दुसरी वाट धरली. त्या खटाटोपात 1957 साली त्यांना एक विचित्र शोधक गवसला.

त्याची रीत पाटाच्या पाण्यासारखी आहे. एका छोट्या कोठडीत किरणोत्सारी धातूचा पत्रा ठेवतात. त्यातून निघणारे कण वायूवर आदळून इलेक्ट्रॉन मोकळे करतात आणि विजेचा एक संथ पाट सतत वाहत राहतो. कार्बनचे साधे पदार्थ त्यातून गेले तरी पाट हलत नाही. पण क्लोरीनवाला पदार्थ आला की तो इलेक्ट्रॉन गिळतो, जशी वाटेतली भेग पाणी पिते. खालच्या बाजूला पाणी घटलं की वर भेग आहे हे कळतं. क्लोरीन जितकं जास्त, तितकी साधारणपणे भेग मोठी. लव्हलॉक आणि लिप्स्की यांचा याविषयीचा लेख 1960 साली प्रसिद्ध झाला, आणि वर्षभरात इंग्लंडमध्ये पिकांवरच्या क्लोरीनयुक्त कीटकनाशकांसाठी हा शोधक वापरात आला.

वेळही मोठी नेमकी होती. 1962 साली अमेरिकेत रेचल कार्सन यांचं 'सायलेंट स्प्रिंग' प्रसिद्ध झालं आणि डीडीटीवरून वादळ उठलं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना हिवतापाच्या फवारणीवाल्यांनी भिंतींवर मारलेला डीडीटी आठवत असेल. 1953 साली सुरू झालेल्या त्या मोहिमेनं देशात लाखो जीव वाचवले, हे विसरून चालणार नाही. डीडीटीला नुसता राक्षस ठरवणारे आणि नुसता देव ठरवणारे, दोघंही मला अर्धवट वाटतात. प्रश्न होता तो फवारलेला पदार्थ जातो कुठं, हा. 1966 साली अंटार्क्टिकावरच्या पेंग्विन पक्ष्यांच्या अंगात डीडीटीचे अंश सापडल्याचं प्रसिद्ध झालं. जिथं कुणी शेत नांगरलं नाही, तिथं! वाद तेव्हा तर्काचा उरला नाही, मोजमापाचा झाला.

लव्हलॉक यांनी स्वतः 1971 साली आपलं यंत्र 'शॅकल्टन' या जहाजावर चढवलं आणि इंग्लंडहून अंटार्क्टिकाच्या वाटेवर हवा मोजली. फ्रिजमध्ये आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरला जाणारा क्लोरोफ्लुओरोकार्बन वायू भरसमुद्रात सगळीकडे होता. प्रमाण किती, तर एक लाख कोटी भागांत सुमारे 50 भाग. आता गंमत पाहा. 1973 साली हे प्रसिद्ध करताना त्यांनीच लिहिलं, की यापासून काही धोका संभवत नाही. पुढच्याच वर्षी मोलिना आणि रोलंड यांनी हा वायू वरच्या ओझोनच्या थराला खातो हे दाखवलं. 1987 साली माँट्रियलचा करार झाला आणि 1995 साली क्रुट्झन यांच्यासह त्या दोघांना नोबेल मिळालं. ज्यानं पाहिलं त्याला अर्थ लागला नाही; अर्थ लावला दुसऱ्यांनी. यात लव्हलॉक यांना मी कमी लेखत नाही. त्यांनी मोजलं नसतं, तर अर्थ कशाचा लावला असता?

आता माझ्या मामेभावाच्या कागदाकडे येतो. लव्हलॉक यांचा शोधक क्लोरीन पाहतो असं आपण सहज म्हणून जातो. खरं म्हणजे तो क्लोरीन पाहतच नाही. तो इलेक्ट्रॉन गिळणारे पाहतो. क्लोरीनवाले गिळतात हे खरं, पण गिळणारे सगळे क्लोरीनवाले नसतात. आणि क्लोरीनवाले सगळे कीटकनाशक नसतात. लाल मुंडासं दुसऱ्याही कुणाच्या डोक्यावर असू शकतं.

स्वीडनमध्ये स्टॉकहोमला सोरेन येन्सेन हे डीडीटी शोधत होते. मासे आणि गरुड यांच्या नमुन्यांत डीडीटीच्या खुणांबरोबर आणखीही अनोळखी खुणा उमटत. दुसरा एखादा त्यांना कचरा म्हणून सोडून देता. येन्सेन यांनी वस्तुसंग्रहालयातलं गरुडाचं 1944 सालचं पीस तपासलं. स्वीडनमध्ये डीडीटीचा वापर तोवर सुरूच झाला नव्हता, तरी खुणा होत्याच! म्हणजे हे कीटकनाशक नव्हे. 1966 साली त्यांनी जाहीर केलं, की हा पीसीबी, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात 1929 पासून वापरला जाणारा क्लोरीनयुक्त पदार्थ. नव्या प्रदूषणाचा शोध तर लागलाच, पण त्याबरोबर एक अवघड प्रश्नही आला: आजवर डीडीटी म्हणून मोजलेल्यात खरा डीडीटी किती?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तिथं 1910 च्या सुमाराला गोळा केलेले मातीचे नमुने जपून ठेवले होते. ते या यंत्रात घातले, तर बहुतेकांत क्लोरीनयुक्त कीटकनाशकं असल्याच्या खुणा उमटल्या. डीडीटी किडे मारतो हा शोध पॉल म्यूलर यांना लागला 1939 साली. मग 1910 च्या मातीत फवारलं कुणी? अर्थात कुणीच नाही. यंत्र ज्याला कीटकनाशक म्हणत होतं, ते दुसरंच काहीतरी होतं. हा लेख 1970 साली प्रसिद्ध झाला. तो वाचला तेव्हा मला मामेभावाचा चेहरा आठवला.

म्हणून खऱ्या अर्थानं एकेक मूलद्रव्य ओळखणाऱ्या शोधकांची गरज भासली. कॅलिफोर्नियात कोल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 साली एक पद्धत दिली होती. नळीतून आलेला पदार्थ भट्टीत पार जाळून टाकायचा, त्यातल्या क्लोरीनचं आम्ल करायचं आणि ते चांदीच्या आयनांनी मोजायचं. इथं फसगतीला जागा फार थोडी, कारण चांदीशी क्लोरीनच क्लोराइड करणार. हा शोधक लव्हलॉक यांच्या शोधकाइतका तीक्ष्ण नव्हता, आणि सांभाळायला कटकटीचा. पण दोघांची साक्ष जुळली की बोलणं पक्कं. बिनचूक पण मंद, आणि तीक्ष्ण पण उतावळा, असे दोन साक्षीदार कोर्टात जसे लागतात तसंच हे.

फॉस्फरसवाल्या विषांची कथा वेगळी. फॉलिडॉल हे नाव खेड्यांत कुणाला सांगायला नको. ते पॅराथिऑन. 1958 साली केरळात वाहतुकीत पॅराथिऑननं बाटलेलं अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. कीटकनाशकांचा 1968 सालचा कायदा आपल्याकडे आला त्यामागे ती दुर्घटना होती. ही जात डीडीटीसारखी वर्षानुवर्षं टिकत नाही, पण जहाल. तिच्या रेणूत फॉस्फरस असतो, आणि तेच तिचं मुंडासं. 1964 साली अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यातल्या लॉरा जुफ्रिडा यांनी, आर्थर कार्मेन यांच्याबरोबर काम करताना, हायड्रोजनच्या ज्योतीशी सोडियमचं मीठ चढवलेली तार ठेवली. चुलीतला मिठाचा खडाच तो! त्या ज्योतीत फॉस्फरसवाला पदार्थ आला की विजेचा प्रवाह कितीतरी पटींनी वाढे. साध्या मेणा-तेलाला तसं होत नसे. असं का होतं यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला, पण शोधक कामाला लागला होता. 1974 साली जर्मनीत कोल्ब आणि बिशॉफ यांनी मिठाच्या जागी रुबिडियम असलेला काचेचा मणी बसवला आणि नायट्रोजनही ओळखता येऊ लागला.

ज्योतीचा रंगच पाहणारा शोधक ब्रॉडी आणि चेनी यांनी 1966 साली दिला. गंधक आलं की निळा उजेड, फॉस्फरस आला की हिरवा. डोळ्याच्या जागी एक रंगीत काच आणि उजेड मोजणारी नळी. बुन्सेन यांना हे यंत्र दाखवलं असतं तर त्यांनी पाठ थोपटली असती, असं मला नेहमी वाटतं. त्याच वाटेनं पुढे जाऊन मॅककॉर्मॅक, टाँग आणि कुक यांनी 1965 साली ज्योतीच्या जागी मायक्रोवेव्हच्या लहरींनी पेटवलेला वायू वापरला. त्यात रेणूचे तुकडे तुकडे होऊन प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगात चमकतं. त्याचं बाजारात मिळणारं चांगलं यंत्र 1989 साली आलं. त्यात हवं ते मूलद्रव्य निवडता येई. पण यंत्र महाग, आणि तोवर दुसरी मोठी शक्ती पुढे आली होती: रेणूचं वजनच तोलणारा मास स्पेक्ट्रोमीटर. आज अवशेषतपासणीचं बहुतेक काम तोच करतो. जुने शोधक मात्र अजून पुष्कळ प्रयोगशाळांत चालू आहेत, कारण ते स्वस्त आहेत आणि आपल्या कामापुरते फार तीक्ष्ण आहेत.

या तीक्ष्णपणाचा एक ताप असा, की 'मुळीच नाही' हा शब्द रसायनशास्त्रातून गेला. पूर्वी कायद्यात 'शून्य' लिहिलं की भागे. यंत्र जितकं तीक्ष्ण, तितकं शून्य मागे सरकतं. आज युरोपात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, तिथं किलोला 0.01 मिलिग्रॅम ही मर्यादा धरतात. दहा टन द्राक्षांच्या ट्रकात सारं मिळून एक दशांश ग्रॅम! आपले नाशिक-सांगलीचे बागाईतदार 'रेसिड्यू' हा शब्द आता मराठीच समजतात, तो यामुळे.

मामेभावांचं पुढे काय झालं? त्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेत, मास स्पेक्ट्रोमीटरवर, तोच माल तपासून घेतला. तिथं ते औषध सापडलं नाही. तोवर खरेदीदार निघून गेला होता आणि माल इथल्याच बाजारात, मिळेल त्या भावानं गेला. पहिल्या ठिकाणी काय चुकलं हे कुणी सांगितलं नाही. माझा एक तर्क आहे. भुरीसाठी त्यांनी बागेवर गंधक मारलं होतं, आणि गंधकाचे रेणू लव्हलॉक यांच्या शोधकात मुकाट्यानं इलेक्ट्रॉन गिळतात. अहवालात फक्त या शोधकाचं नाव होतं. दुसऱ्या साक्षीदाराचा उल्लेख नव्हता, हे मी आता वाचू शकतो. त्या दिवशी वाचता आलं नव्हतं.

माती आणि गाळ यांचे नमुने तपासणारे लोक या गंधकाला चांगले ओळखून आहेत. नमुन्याचा अर्क यंत्रात सोडण्याआधी ते त्यात तांब्याची चकचकीत भुकटी घालून हलवतात. गंधक तांब्याला धरतं, भुकटी काळी पडते, आणि वरचा स्वच्छ अर्क तेवढा पुढे जातो.